सर्वांसाठी एकच सार्वजनिक स्वच्छतागृह: आखणीपासून उघडण्यापर्यंत

स्त्री, पुरुष, तृतीयपंथी, कडेवर बाळ घेतलेला बाप, व्हीलचेअरवरच्या आईला घेऊन आलेला मुलगा, अशा सगळ्यांनी वापरायचं एकच स्वच्छतागृह आखायचं काम पहिल्यांदाच तुमच्याकडे आलं असेल, तर एक गोष्ट आधीच पक्की करा. वेगवेगळ्या स्वच्छतागृहांत बाहेरच्या दारावरची पाटी आडोसा सांभाळते, म्हणून आतल्या पार्टिशनला वरखाली फटी असल्या तरी लोक चालवून घेतात. बाहेरचं दार सर्वांना खुलं केलं की तो सगळा भार आतल्या दारावर येतो. फसलेल्या बहुतेक ठिकाणी एवढंच झालेलं असतं: पाटी बदलली, पार्टिशन जुनंच राहिलं.

म्हणून नियम असा: क्युबिकलच्या, म्हणजे कमोड असलेल्या एकेकट्याच्या खोलीच्या, आत पूर्ण आडोसा, क्युबिकलच्या बाहेर काहीही लपलेलं नाही. पुढचे सगळे निर्णय या एका वाक्यावर तपासून पाहता येतात.

आधी गोळा करायचं

कागद:
- जागेचा मोजमापासह नकाशा, आणि त्यावर बीम, कॉलम, डक्ट (पाइप नेण्याची पोकळी)
- ड्रेनेज लाइनचा नकाशा लेव्हलसह (कमोड कुठे बसू शकतो हे बहुधा हाच कागद ठरवतो)
- तुमच्याकडे लागू असलेली बांधकाम नियमावली, सुगम्यतेची (अपंगांनाही वापरता येईल अशा बांधणीची) मानकं आणि अग्निशमनाचे नियम
- गर्दीच्या वेळी किती माणसं येतील याचा अंदाज
- सफाई कोण, किती वेळा करणार याची लेखी माहिती

हत्यारं: मोजपट्टी, लेव्हल, मास्किंग टेप, दार ओढण्याचा जोर मोजायला स्प्रिंग बॅलन्स, शक्य असेल तर उजेड मोजायला लक्स मीटर, पुठ्ठ्याची ४५० मिमी व्यासाची एक चकती आणि खरी व्हीलचेअर. चकती पोरकट वाटेल, पण नकाशावर न दिसणाऱ्या चुका ती दाखवते.

१. किती क्युबिकल लागतील ते काढा

नियमावलीतला आकडा किमान असतो, पुरेसा असेलच असं नाही. स्वतः हिशेब करा: दर मिनिटाला येणारी माणसं गुणिले एकाला लागणारी सरासरी मिनिटं. गर्दीच्या १५ मिनिटांत ६० माणसं येत असतील तर मिनिटाला ४. प्रत्येकाला अडीच मिनिटं धरली तर एका वेळी १० क्युबिकल भरलेली असतील. पण १० बांधलीत तर रांग वाढतच जाईल, कारण माणसं सारख्या अंतराने येत नाहीत. तीनचतुर्थांश भरलेली राहतील असं धरा: १० भागिले ०.७५, म्हणजे १४.

सामायिक रचनेचा मोठा फायदा इथेच आहे. स्त्रियांना प्रत्येक वेळी क्युबिकलच लागतं आणि वेळही जास्त लागतो, म्हणून वेगळ्या रचनेत एका बाजूला रांग तर दुसऱ्या बाजूला रिकामी जागा असं चित्र दिसतं. सगळ्यांची रांग एक झाली की तीच क्युबिकल जास्त लोकांना पुरतात.

दोन सापळे आहेत. एक, काही नियमावल्या स्त्री-पुरुषांची संख्या वेगळी दाखवल्याशिवाय मंजुरी देत नाहीत. सामायिक संख्या चालेल का हे मंजुरी देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घ्या. तोंडी होकारावर नकाशा पुढे नेऊ नका. दुसरा सापळा मुताऱ्यांचा. त्या जागा वाचवतात हे खरं, पण सामायिक वावराच्या जागेत उघड्या मुताऱ्या ठेवल्या तर संपूर्ण रचनाच बिघडते. ठेवायच्याच असतील तर बाजूला, स्वतंत्र आडोशाच्या खोलीत, बेसिनच्या आरशातूनही दिसणार नाहीत अशा ठेवा.

२. क्युबिकलच्या बाहेरची जागा उघडी ठेवा

सगळ्यात चांगली मांडणी म्हणजे बेसिनची जागा येण्याजाण्याच्या वाटेला लागून, बाहेरून दिसणारी, आणि क्युबिकलची दारं तिच्याकडे उघडणारी. दबा धरून बसायला कोपरा नको. आत गेल्यावर शेवटी भिंत आणि परत यायला तीच अरुंद वाट, अशी बोळकांडी तर मुळीच नको. जागा मिळाली तर दोन वाटा द्या, म्हणजे कोणी एक वाट अडवली तरी दुसरी मोकळी राहते.

बाहेर उघडणारं ९०० मिमीचं दार पूर्ण उघडल्यावर मागे किमान ९०० मिमी वाट उरली पाहिजे. उरत नसेल तर दार थोडं आत खोबणीत घ्या, नाहीतर चालणाऱ्याच्या तोंडावर दार आपटेल. व्हीलचेअरच्या क्युबिकलसमोर १५०० मिमी व्यासाची वळण्याची जागा हवी, आणि रांग त्या जागेत उभी राहणार नाही हेही बघा.

कॅमेरा लावायचा तर प्रवेशावर, बाहेरच्या बाजूला रोखलेला. दार उघडल्यावर क्युबिकलच्या आतलं टिपेल असा कुठेही नको. कॅमेरा असल्याची पाटी लावा. ती नसेल तर लोक छुप्या कॅमेऱ्याच्या शंकेने जागा टाळतात.

३. साधं क्युबिकल

आतलं माप ९०० × १५०० मिमी पुष्कळ ठिकाणी दिसतं. बाहेर उघडणाऱ्या दाराला ते चालतं. दार आत उघडत असेल तर पुठ्ठ्याची चकती वापरा: दाराचा कंस आणि कमोड सोडून ४५० मिमीचं वर्तुळ मोकळं बसलं पाहिजे. ६५० मिमीचं दार आणि भिंतीपासून ७०० मिमी पुढे येणारा कमोड असेल तर १५०० लांबीत ते जेमतेम बसतं, आणि टाइलची जाडी धरली की बसत नाही. मग माणूस बॅग छातीशी धरून कमोडवर चढल्यासारखा दार लावतो. लांबी १६५० पर्यंत न्या.

रुंदीत सॅनिटरी पॅडचा डबा धरा. सामायिक रचनेत तो प्रत्येक क्युबिकलमध्ये लागतो, एकदोन ठिकाणी ठेवून भागत नाही. डबा १५० ते २५० मिमी जागा खातो. ९०० मध्ये तो मांडीला घासतो. ९५० ते १००० द्या.

आता फटी. पार्टिशन पायावर उभं असेल तर खाली १०० ते १५० मिमी फट राहते आणि वरून ते छतापर्यंत जात नाही. सामायिक जागेत हे चालणार नाही, कारण फटीतून मोबाइल धरायला एक सेकंद पुरतो. भिंती जमिनीपासून छतापर्यंत बांधा. छतात हाताने उचलता येणाऱ्या टाइल वापरू नका, शेजारच्या क्युबिकलमधून तिथून डोकावता येतं. दार आणि चौकटीच्या उभ्या फटीत नजर जाते, तिच्यावर दाराची कड चढती घ्या किंवा पट्टी मारा. बिजागरीच्या बाजूची फट हमखास विसरली जाते.

पूर्ण बंद खोलीची किंमत मोजावी लागते, आणि नकाशा मंजूर झाल्यावर ती कळली तर बजेट कोलमडतं. प्रत्येक क्युबिकलला स्वतःचा दिवा, स्वतःचा एक्झॉस्ट, स्वतःचा नहाणी ट्रॅप (फरशीवरचं पाणी जाण्याचं जाळीचं तोंड) लागतो. अग्निशमनाच्या नियमांनुसार स्मोक डिटेक्टर किंवा स्प्रिंकलरही लागू शकतो. हे सगळं पहिल्या अंदाजपत्रकातच धरा.

आत कोणी बेशुद्ध पडलं किंवा नको ते चालू असलं तर कळणार कसं, हा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २००८ पासून उभारल्या गेलेल्या ‘पोर्टलंड लू’मध्ये दाराभिंतींच्या खालच्या आणि वरच्या पट्ट्यात तिरप्या पट्ट्यांची झडप आहे: आत किती पाय आहेत ते बाहेरून कळतं, त्यापलीकडे काही दिसत नाही. रस्त्यावरच्या एकट्या युनिटला हा मार्ग चांगला आहे, कारण हात धुण्याची जागाही तिथे बाहेरच आहे. इमारतीच्या आत, लोक अगदी दाराशी उभे असताना, मात्र पूर्ण बंद दार आणि बाहेरून उघडणारं कुलूप हाच उपाय मला पटतो.

टोकियोच्या शिबुया भागात शिगेरू बान यांनी २०२० मध्ये केलेली काचेची स्वच्छतागृहं तुम्ही पाहिली असतील: रिकामी असताना पारदर्शक, कडी लावली की धूसर. आत कोणी लपलंय का, जागा स्वच्छ आहे का, हे बाहेरूनच कळावं ही कल्पना उत्तम. तसं काही करायचंच असेल तर एकच अट: वीज गेली, सेन्सर बिघडला, तर काच धूसरच राहिली पाहिजे.

कडी अशी निवडा:
- मूठ बंद ठेवूनही सरकेल इतकी मोठी आणि हलकी. ती फिरवायला २२ न्यूटनपेक्षा, म्हणजे सव्वादोन किलोपेक्षा, जास्त जोर लागू नये
- बाहेरून नाण्याने किंवा चावीने उघडणारी
- बाहेर लाल-हिरव्या खुणेसोबत ‘रिकामे’ आणि ‘वापरात’ हे शब्दही. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं कमी नसतात

आत उघडणारं दार पडलेल्या माणसाने अडतं. बाहेरून उचलून काढता येणारी बिजागरी किंवा गरजेला दोन्हीकडे झुलू देणारा स्टॉपर लावा. बॅगेसाठी फळी आणि दोन हुक, १०५० आणि १४०० मिमी उंचीवर.

४. व्हीलचेअरचं क्युबिकल

इथे घाई करू नका. एखादा आकडा ५० मिमीने चुकला तरी क्युबिकल निरुपयोगी होतं, आणि बांधून झाल्यावर ते दुरुस्त होत नाही.

आतलं किमान माप १५०० × २२०० मिमी धरतात. विजेवर चालणाऱ्या खुर्च्या मोठ्या असतात, म्हणून शक्य असेल तर १७०० × २२००. आत १५०० मिमीचं वळण्याचं वर्तुळ मोकळं हवं. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, त्याची मोकळी रुंदी ९०० मिमी. हँडल आणि उघड्या दाराची जाडी वजा करून जे उरतं ती मोकळी रुंदी. दाराच्या आतल्या बाजूला आडवी दांडी लावा, नाहीतर खुर्चीवरच्या माणसाला बाहेर उघडलेलं दार आत ओढताच येत नाही. ही दांडी विसरलेली क्युबिकल फार बघायला मिळतात.

कमोडची मध्यरेषा बाजूच्या भिंतीपासून ४५० ते ५०० मिमीवर. याहून लांब गेली की भिंतीवरच्या दांडीला हात पोचत नाही. दुसऱ्या बाजूला खुर्ची लावायला ९०० मिमीच्या आसपास मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत डबा, बादली, झाडू, शोभेचं झाड, काहीही ठेवू नये.

कमोड लांब घ्या: मागच्या भिंतीपासून पुढच्या कडेपर्यंत सुमारे ७५० मिमी. नेहमीचा आखूड कमोड बसवला तर खुर्चीची मागची चाकं भिंतीला टेकतात, पण खुर्चीची बैठक कमोडच्या शेजारी येत नाही. मग माणसाला हवेत झेप घेऊनच सरकावं लागतं. सीटची उंची ४५० ते ४८० मिमी, सीट घट्ट. सैल सीट सरकली की माणूस पडतो.

आधाराच्या दांड्यांत मोठा गोंधळ आहे. काही मानकं आडवी दांडी ६८० मिमी उंचीवर सांगतात, काही ८४० ते ९१५. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण कमोडची जागा एका मानकातून आणि दांडीची उंची दुसऱ्यातून घेतली तर बसलेल्या माणसाला जोर लावता येत नाही. एकच मानक निवडा आणि त्याच पानावरचे सगळे आकडे घ्या. दांडीचा व्यास ३२ ते ४० मिमी; भिंतीपासून अंतर सुमारे ४० मिमी, म्हणजे बोटं मावतात पण कोपर घसरून अडकत नाही. मोकळ्या बाजूला वर उचलता येणारी दांडी. प्रत्येक दांडीने किमान १,११२ न्यूटन, म्हणजे सुमारे ११३ किलोचा भार पेलला पाहिजे. जिप्सम बोर्डाच्या भिंतीत नुसत्या स्क्रूवर हा भार पेलत नाही. बोर्ड लावण्याआधी मागे १८ मिमी प्लाय किंवा लोखंडी पट्टी बसवा आणि तिचा फोटो मोजपट्टी धरून काढून ठेवा.

फ्लशचा दांडा किंवा बटण मोकळ्या बाजूला, भिंतीकडच्या बाजूला नको. टिश्यू रोल कमोडच्या पुढच्या कडेपासून १८० ते २३० मिमी पुढे. बसल्या जागी हात पोचेल असं छोटं बेसिन. मोठं असेल तर वरची कड ८६५ मिमीच्या आत, खाली गुडघ्यांना ६८५ मिमी मोकळं, आणि गरम पाण्याच्या पाइपला वेष्टन. आरशाची खालची कड १०१५ मिमीच्या वर नको.

मदतीची लाल दोरी जमिनीपासून १०० मिमीपर्यंत लोंबकळती हवी, आणि तिच्यावर दोन कडी: एक ८०० ते १००० मिमीवर, दुसरं अगदी खाली. खालचं कडं पडलेल्या माणसासाठी असतं. सफाई करताना दोरी मध्ये येते म्हणून ती गुंडाळून दांडीला बांधली जाते, आणि मग ती नसल्यातच जमा. दोरीशेजारी ‘बांधू नका’ असं लिहा आणि सफाईच्या यादीत ते घाला. गजर कुठे वाजणार, ऐकून कोण येणार, किती मिनिटांत, हेही कागदावर हवं. चुकून ओढली गेली तर बंद करायचं बटण बसल्या जागी पोचेल असं.

अशी दोन क्युबिकल असतील तर एकात मोकळी जागा डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे ठेवा. शरीराची एकच बाजू चालणाऱ्या माणसाला याने फरक पडतो.

बाळाचे कपडे बदलायची फळी फक्त याच क्युबिकलमध्ये लावून मोकळे होऊ नका. ती उघडी राहिली की वळायची जागा जाते, आणि ज्यांना दुसरा पर्यायच नाही त्यांना बाहेर ताटकळावं लागतं. तिला वेगळी जागा द्या. मोठी इमारत असेल तर प्रौढांना आडवं ठेवून कपडे बदलण्याची खोलीही विचारात घ्या: ३ × ४ मीटर, वरखाली होणारा बाक, छताला उचलयंत्र.

काठी, कुबडी घेऊन चालणाऱ्यांसाठी साध्या क्युबिकलपैकी निदान एकाच्या दोन्ही भिंतींवर दांड्या लावा. त्याची रुंदी मुद्दाम ९०० ते ९४० मिमीच ठेवा, म्हणजे दोन्ही हात एकाच वेळी दांड्यांवर टेकतात.

५. हवा, उजेड, आवाज

एका कमोडमागे सेकंदाला २५ ते ३५ लिटर हवा बाहेर ओढा. ती आत येणार दाराखालून. ८०० मिमी दाराखाली २० मिमी फट ठेवली तर २५ लिटरला हवेचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आसपास राहतो; फट १० मिमी ठेवली तर तो तीनच्या वर जातो आणि दार शिट्टी मारतं. टिश्यूचा कपटा फटीशी धरा, तो आत ओढला गेला पाहिजे. बाहेर उडत असेल तर वास बेसिनकडे येणार.

दिवे सुमारे २०० लक्स. हालचालीवर चालणारा एकच सेन्सर बाहेरच्या छताला लावू नका. त्याला बंद क्युबिकलमधला माणूस दिसत नाही आणि दिवा जातो. सेन्सर प्रत्येक क्युबिकलमध्ये, बंद होण्याची मुदत १५ ते २० मिनिटं, आणि वीज गेल्यावर पेटणारा बॅटरीचा दिवा. व्यसनी लोक येऊ नयेत म्हणून निळे दिवे लावायचा सल्ला कोणी देईल, तो घेऊ नका: अधू दृष्टीच्या माणसाला त्यात फरशीची कडही कळत नाही.

हवेच्या हँड ड्रायरसोबत कागदी टॉवेलही ठेवा. ड्रायरचा अचानक होणारा आवाज काही स्वमग्न मुलांना सहनच होत नाही.

६. फरशी आणि पाणी

पाण्याने धुण्याची सवय असेल तिथे फरशी ओली राहणार हे गृहीत धरा. ओल्या अवस्थेत पेंड्युलम चाचणीत (फरशी किती घसरते ते मोजणाऱ्या चाचणीत) ३६ किंवा जास्त मूल्य देणारी टाइल मागा. विक्रेत्याने ‘अँटीस्किड’ म्हटलं म्हणजे ती तशी असतेच असं नाही, चाचणीचा कागद मागा. उतार नहाणी ट्रॅपकडे, पण व्हीलचेअरच्या जागेत १:५० पेक्षा तीव्र नको. फरशी, भिंत आणि कमोड तिन्ही पांढरे नकोत. अधू दृष्टीच्या माणसाला कडा दिसत नाहीत. निदान दांड्या आणि सीट गडद घ्या.

कमोडमागे माणूस शिरेल एवढा डक्ट ठेवता आला तर प्लंबरला क्युबिकल बंद ठेवावं लागत नाही.

७. पाट्या

पाटीवर माणसाचं चित्र काढण्यापेक्षा आत काय आहे ते दाखवा: कमोड, बेसिन, दांड्या, बाळाची फळी. उठावदार अक्षरं आणि ब्रेल कडीच्या बाजूच्या भिंतीवर, १२२० ते १५२५ मिमी उंचीत. दारावर नको, वाचता वाचता दार उघडलं तर लागतं.

८. काम चालू असताना

नकाशावर ‘सर्व मापे फिनिशनंतरची’ असं ठळक लिहा. प्लास्टर आणि टाइल मिळून दोन्ही भिंतींचे ५० ते ६० मिमी जातात; विटेपासून विटेपर्यंत १५०० धरलेलं क्युबिकल १४४० चं होतं आणि खुर्ची वळत नाही. वीटकाम होण्याआधी जमिनीवर मास्किंग टेपने क्युबिकल आखा, व्हीलचेअर वापरणाऱ्या दोघातिघांना बोलवा आणि आत वळून दाखवायला सांगा. त्यांच्या वेळेचे पैसे द्या.

ड्रेनेजचा पाइप टाकून झाला की कमोडची मध्यरेषा लगेच मोजा. पाइपवरची जमीन बंद होईपर्यंतच ती सरकवता येते.

९. उघडण्याआधी

दोघांनी करा, एक आत, एक बाहेर:
- आतला दिवा लावून बाहेर अंधार करा. दाराच्या ज्या उभ्या फटीतून उजेड येईल तिथे पट्टी मारा (खालची फट हवेसाठी आहे, ती राहू द्या)
- शेजारच्या क्युबिकलमधून, वरून आणि खालून, मोबाइलच्या कॅमेऱ्याने काही टिपता येतं का बघा
- आतल्याने जमिनीवर आडवं होऊन लाल दोरी ओढावी. मदत पोचेपर्यंतची वेळ लिहा
- कडी आतून लावून बाहेरून नाण्याने उघडा, मग दार बिजागरीतून काढून बघा
- २० मिनिटं न हलता बसून दिवा राहतो का पाहा
- बेसिनच्या प्रत्येक आरशासमोर उभं राहा आणि समोरचं दार उघडायला सांगा. कमोड दिसला तर आरसा सरकवा

सफाईची नोंद दारामागे नाही, बेसिनजवळ सर्वांना दिसेल अशी लावा. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला तीन गोष्टी तपासा: लाल दोरी सुटी आहे का, खुर्चीच्या जागेत सामान आलंय का, कड्या ढिल्या झाल्यात का. दाराची पट्टी साधारण याच काळात सुटायला लागते, म्हणून दारं बनवणाऱ्या फॅब्रिकेटरचं शेवटचं बिल महिनाभर राखून ठेवा.